फिक्स्ड की मेकॅनिकल? दादाचं आणि माझं जमत नाहीये

गंगापूररोडची_तिरंदाज

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सहा वर्षं कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, मारते, तेही फक्त 50 मीटरवरच्या कागदावर. शिकार कधी केलेली नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे. पण थोरला भाऊ पेनसिल्व्हेनियात असतो आणि दर ऑक्टोबरात रीतसर परवाना काढून धनुष्याने व्हाइटटेल हरीण मारतो. वर्षभर घरात तेच मटण. श्रावण मात्र अजूनही पाळतो, हसू नका.

यंदा दसऱ्याला धनुष्याची पूजा झाली की मी त्याच्याकडे जाणार आहे. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला तिथे कोर्स करावा लागतो, तो करणार आहे. अडलंय ते ब्रॉडहेडवर, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकावर. पाती कायम उघडी तो फिक्स्ड, आदळल्यावर उघडतात तो मेकॅनिकल. दादा म्हणतो, "मेकॅनिकल घे, डोळे झाकून. कटकट नाही. उडताना पाती मिटलेली, त्यामुळे तुझ्या सरावाच्या साध्या टोकासारखाच, फील्ड पॉइंटसारखाच जातो. आत शिरताना उघडतो आणि दोन इंचाचं भोक पाडतो." तो सात वर्षं तेच वापरतोय आणि एकही जनावर हरवलेलं नाही.

मला पटत नाहीये, कारण मी हिशोब मांडला. बाणाचं वजन ग्रेन या छोट्या मापात, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 4,50,240. माझं धनुष्य 45 पाउंड ओढीचं, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढायची लांबी) 26 इंच, बाण 370 ग्रेन, क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला 225 फूट. ऊर्जा येते साधारण 42 फूट-पाउंड. दादा ताडमाड. 65 पाउंड, साडेएकोणतीस इंच, 430 ग्रेन, 275 फूट. त्याची 72. मग त्याचा अनुभव मला लागू होतो का? फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "तू गणितातच मारणार आहेस का हरीण?"

तिथल्या नियमात धनुष्य किमान 35 पाउंडाचं आणि ब्रॉडहेड किमान 7/8 इंच रुंद लागतं. तेवढं माझं बसतं. पुढचं सांगा.

पूर्वी_देवळाली_आता_विस्कॉन्सिन

ताई, गणित सोडू नकोस. दादा त्याच्या जागी बरोबर आहे आणि तू तुझ्या.

मेकॅनिकलची पाती उघडायला जोर लागतो आणि तो बाणातूनच जातो. वर दोन इंचाचा काप म्हणजे कातडी, बरगडी, मांस सगळीकडे जास्त घर्षण. 72 वाल्याला ते परवडतं. तुझा बाण अर्ध्यात अडकण्याची भीती जास्त. आणि अडकला तर पलीकडचं भोक नाही. मचाणावरून, म्हणजे वीसेक फुटांवरून मारलेला बाण वरून खाली जातो. रक्त गळतं ते खालच्या भोकातून. ते भोकच पडलं नाही तर आत सगळं रक्त साचतं आणि तू बॅटरी घेऊन पाचोळ्यात एकेक पान उलटत बसतेस.

हे मी बसलोय म्हणून सांगतो. दुसऱ्या सीझनला खांदा दुखत होता म्हणून धनुष्य 50 पाउंडावर आणलं होतं आणि ब्रॉडहेड जुनेच मेकॅनिकल. हरीण तिरपं उभं होतं, थांबायला हवं होतं, नाही थांबलो. एक पातं आधी उघडलं की काय कोण जाणे, बाण बरगडीवरून घसरला. खाली मूठभर केस, रक्ताचे चार थेंब. रात्री अकरापर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शोधलं. नाही मिळालं. तो आठवडा जेवण गेलं नाही.

तुझ्यासाठी दोन पात्यांचा, टोकापासूनच धार असलेला फिक्स्ड. रुंदी एक ते सव्वा इंच, बस. पुढे छिन्नीसारखं टोक असलेले नको, ते आधी फोडतात मग कापतात. अंतर 20 यार्ड. हरीण पूर्ण आडवं उभं राहीपर्यंत हात खाली. बाण लागला की निदान अर्धा तास उतरायचं नाही. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. ब्रॉडहेड गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो, हे दादाने सांगितलंच असेल.

रेस्ट_आणि_स्ट्रिंग

मी शिकार करत नाही, पण पोरांची धनुष्यं ट्यून करतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

फिक्स्ड पातं म्हणजे बाणाच्या नाकाला लावलेले पंख. बाण सुटताना जरा वाकडा असला की ते पंख त्याला ओढत नेतात. टार्गेटवर तुम्हाला कधी कळलं नसेल, कारण फील्ड पॉइंट चुका पोटात घालतो. म्हणून दादा "कटकट नाही" म्हणतो. पण कटकट धनुष्यात असते, ब्रॉडहेड फक्त दाखवतो.

आधी बाण गोल फिरवून बघा. टोक थरथरलं तर इन्सर्ट, म्हणजे टोक बसवायचा बाणातला तुकडा, सरळ बसलेला नाही, तो बाण बाजूला. मग 20 यार्डावर एक फील्ड पॉइंट, एक ब्रॉडहेड. ब्रॉडहेड डावीकडे गेला तर रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, उजवीकडे सरकवायची, अर्धा-पाऊण मिलिमीटर. त्याहून जास्त नाही. साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, हात लावू नका, सगळ्यांची पहिली चूक तीच. टार्गेटचे चिमुकले व्हेन्स, म्हणजे बाणाच्या शेपटीचे पंख, चालणार नाहीत. मोठे, पीळ दिलेले लावा.

आणि 100 ऐवजी 125 ग्रेन लावायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, पुढे वजन वाढलं की तोच बाण जास्त वाकतो. स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, पुन्हा तपासावा लागेल.

क्लबच्या बट्ट्यावर, म्हणजे फोमच्या टार्गेटवर, ब्रॉडहेड मारू नका हो. एका दिवसात फोमचा कोबी किसल्यासारखा होतो आणि बिल आमच्या नावावर.

निफाडचा_द्राक्षवाला

इथे उसात बिबट्या निघाला की आम्ही वनखात्याला फोन करतो आणि पिंजरा येईपर्यंत पोरं घरात कोंडतो. तुम्ही विमानाने हरणं मारायला चाललात. चालू द्या.

गंगापूररोडची_तिरंदाज

@निफाडचा_द्राक्षवाला दादा, टोमणा पोचला. आईही हेच म्हणते, फक्त जास्त वेळ.

सुरगाण्याहून

ताई, आमच्या घरात आज्याचा तीरकमठा अजून आढ्याला लटकवलेला आहे. बांबूचा. पाखराला बोथट लाकडी तीर, मोठ्या जनावराला लोखंडी फाळ. फाळ अरुंदच, दोन बाजूंना धार, हे विस्कॉन्सिनवाले भाऊ सांगतात तसाच. आजा तो दगडावर घासायचा आणि हातावरचे केस भादरून बघायचा. केस निघाले नाहीत तर पुन्हा घासायचा. आता त्याला कोणी हात लावत नाही, दसऱ्याला फुलं वाहतो तेवढंच. तुमच्या फाळाची पाती बदलता येतात की घासावी लागतात?

गंगापूररोडची_तिरंदाज

@सुरगाण्याहून दोन्ही प्रकार मिळतात. मी घासायचा घेतेय, एकसंध पोलादाचा, 100 ग्रेन, एक आणि एक अष्टमांश इंच. ब्रॉडहेड विमानातून नेणार नाही, दादाच्या पत्त्यावर मागवलेत. त्यातले तीन सरावाचे, तीन डब्यातच राहतील.

@रेस्ट_आणि_स्ट्रिंग सर, काल सहा बाण फिरवून बघितले. दोन थरथरतात. या दोन बाणांवर मी राज्यस्तरीय स्पर्धा खेळले आहे! व्हेन्स रविवारी बदलते. बट्ट्याला हात लावत नाही, तिथे पोचल्यावर दादाच्या परसात आठवडाभर ट्यून करेन.

दादाला विस्कॉन्सिनवाल्यांचा किस्सा वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझंही एक गेलं होतं, 2019 मध्ये. तुला सांगितलं नव्हतं."