कानात सतत बारीक शिट्टी: तीन आठवडे झाले, याच्याशी जुळवून कसे घ्यावे?

निगडीकर (प्रश्न):
विसर्जन मिरवणुकीत आमच्या मंडळाच्या गाडीवरील स्पीकरच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर मी जवळजवळ चार तास चालत होतो. घरी आलो तेव्हा दोन्ही कानांना दडे बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दडे सुटले, पण मागे उंच पट्टीतली एक बारीक शिट्टी राहिली, आणि ती आज तीन आठवड्यांनंतरही थांबलेली नाही. दिवसा कार्यालयात तिची फारशी जाणीव होत नाही. परवा रात्री मात्र वीज गेली, पंखा थांबला आणि ती इतकी स्पष्ट ऐकू येऊ लागली की गॅस चालू राहिला असावा असे वाटून मी अंधारात ओट्यापाशी गेलो आणि शेगडीची बटणे चाचपून पाहिली. पत्नीला अर्थातच काहीही ऐकू येत नव्हते.

एका डॉक्टरांनी दोन मिनिटे कान पाहून ‘याला औषध नाही, सवय करून घ्या’ असे सांगितले. ती सवय करायची कशी, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. माझे वय ४४ आहे. कोणत्या तपासण्या कराव्यात, झोप कशी लागेल आणि याविषयी मोकळेपणाने कोणाशी बोलता येईल, हे कृपया सांगावे.

श्रुती_ऑडिओ:
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. केवळ कानात डोकावून हे निदान पूर्ण होत नाही. मळ साचला आहे का, पडदा ठीक आहे का, एवढेच त्यातून कळते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि शुद्ध स्वरांची ऑडिओमेट्री करून घ्या, ज्यात २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवून प्रत्येक कानाचा आलेख काढतात. मोठ्या आवाजाने इजा झाली असेल तर हा आलेख बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खाली खचलेला दिसतो. अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत. तिकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपल्या बाजूने ‘आवाज वाढवतो’ असे मानले जाते. स्टेशन नीट लागत नसताना रेडिओचे बटण पिळावे आणि खरखरच मोठी व्हावी, तसा हा प्रकार आहे.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर असेल, तर पुढील तपासण्या टाळू नयेत. एखाद्या कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण त्यावरील स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. जास्त मात्रेतील ॲस्पिरिन, जेंटामायसिन हे प्रतिजैविक आणि लघवी वाढवणारी काही औषधे यांनीही कानात आवाज येऊ शकतो. अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

इचलकरंजीचा_मागवाला:
माझी २६ वर्षे यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली. कानातील रातकिड्यांना आता नऊ वर्षे झाली. पहिले सहा महिने मी एका वहीत रोज रात्री आवाजाला दहापैकी गुण देत असे. आज सहा, काल सात, असे चालले होते. औषधाचा परिणाम कळावा म्हणून सुरू केलेली ती वही शेवटी माझ्या दुखण्याचेच मूळ झाली, कारण गुण द्यायचे म्हणजे संध्याकाळपासून कान लावून बसायचे, आणि कान लावला की मेंदूला वाटते की हा आवाज महत्त्वाचा आहे, यावर पहारा ठेवला पाहिजे. समुपदेशकांनी सर्वांत आधी ती वही बंद करायला लावली.

दुसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण शांततेत झोपू नये. मी मोबाइलवर पावसाचा आवाज लावतो, पण तो शिट्टीपेक्षा थोडा हळूच ठेवतो. ती पूर्ण झाकली तर मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागत नाही, असे मला सांगण्यात आले होते. वीज गेल्यावरही चालेल म्हणून तो मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. घरच्यांनाही एकदा स्पष्ट सांगा. माझी मंडळी वर्षभर समजत होती की मी बोलणे मुद्दाम टाळतो.

आजीचा_बटवा:
लसूण घालून कोमट केलेले तिळाचे तेल रात्री दोन थेंब घालावे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच उपाय आहे.

श्रुती_ऑडिओ:
कृपया असे करू नका. पडद्याला छिद्र असेल तर तेलाने जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि येथे बिघाड पडद्याच्या पलीकडे, तेल पोहोचणार नाही अशा जागी आहे. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि जस्त यांच्या गोळ्यांचेही तसेच; अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या देऊ नयेत असे म्हटले आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र आणि दीर्घकाळ त्रास होत असेल तर बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजेच सीबीटी, यांची शिफारस मात्र त्याच सूचनांत आहे. सीबीटीने आवाज जात नाही, त्याची धास्ती कमी होते.

आधाराविषयी सांगायचे तर, वांद्र्याच्या ‘अली यावर जंग’ या श्रवणदोषांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणीची सोय आहे. रात्री मन फारच घाबरले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

निगडीकर:
ऑडिओमेट्री झाली. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झला ४० डेसिबलपर्यंत घसरण आहे, बाकीचा आलेख ठीक आहे. कागदावर ती खाच पाहून, खरे सांगायचे तर, बरेच वाटले. निदान हा माझ्या मनाचा खेळ नाही हे पत्नीलाही दाखवता आले. झोप अजून तुटकच आहे. पुढच्या महिन्यात पुतण्याचे लग्न आहे आणि बँड ठरलेला आहे. कानात बोळे घालून जावे का?

श्रुती_ऑडिओ:
कापसाचे बोळे निरुपयोगी आहेत. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सारावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. वरातीत बँडपासून लांब चाला. घरी परतल्यावर मात्र ते काढून ठेवा, कारण शांत खोलीत कान बंद केले की शिट्टी अधिकच मोठी वाटते.