मदत हवी आहे: स्लॅलम वॉटर स्की ६५ इंची घ्यावी की ६७ इंची? वजन ७२ किलो, बोटीचा वेग २५ नॉट

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी,

बोटीच्या दोरीला धरून, दोन्ही पाय एकामागे एक ठेवून चालवायची जी एकच स्की असते, म्हणजे स्लॅलम, तिचा आकार ठरवायला मदत हवी आहे. कंपन्यांचे तक्ते पाहिले. ते पाउंड आणि मैलांत आहेत आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

मी नेरूळला राहते. यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षं मस्कतला होतो. तिथे आधी दोन स्कींवर आणि मग एका स्कीवर शिकले. परत आल्यावर हे सगळं सुटणार असं धरून चालले होते, पण दिरांच्या एका मित्राची बोट उरणजवळ करंज्याला असते. १९ फुटी आहे, ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. पावसाळा सोडला तर सुट्टीच्या दिवशी सकाळी धरमतर खाडीत जातो. रेवसच्या लाँचचा मार्ग आणि डोल जाळ्यांचे खुंट यांच्यापासून लांब राहतो. बोट चालवणारा एक, मागे तोंड करून माझ्यावर नजर ठेवणारा दुसरा, आणि माझ्या अंगात जॅकेट. याशिवाय पाण्यात उतरत नाही.

माझी उंची ५ फूट ३ इंच, वजन ७२ किलो, म्हणजे १५९ पाउंडांच्या आसपास. डावा पाय पुढे. बोट जीपीएसवर २५ नॉट ठेवतात, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर किंवा साधारण २९ मैल. स्पर्धेत असतो तसा बोयांचा (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचा) कोर्स करायचा नाही. बोटीमागचा लाटांचा पट्टा आरपार कापून दोन्ही बाजूंना नीट वळता यावं, एवढंच हवं आहे. पण ते मनापासून हवं आहे. आठवड्यात ज्याची वाट बघते असं माझ्यासाठी हेच आहे.

सध्या बोटवाल्यांची जुनी, अरुंद ६५ इंची स्की वापरते. अडचणी दोन. पाण्यातून उठायला फार वेळ लागतो आणि तोवर हाताची पकड सुटायला येते. दुसरी अडचण मला समजलेलीच नाही. खाडीत आत जाताना स्की छान धावते, पण वळून परत येताना तीच स्की जड होते, शेपटीकडून बसते आणि वळण अर्ध्यात अडकतं. बोटीवरचा आकडा दोन्ही वेळी २५च असतो.

आता माझ्यासमोर दोन स्की आहेत. एक दुकानात नवीन, ६५ इंची, स्पर्धेच्या धाटणीची. दुसरी ६७ इंची, रुंद अंगाची, वापरलेली. पवईतले एक गृहस्थ विकताहेत. दुकानदार म्हणाले, "मॅडम, तुमच्या उंचीला ६५सुद्धा मोठीच आहे, ६७ घेऊ नका."

आकार खरोखर उंचीवर ठरतो का? आणि परतीच्या वेळचा त्रास आकारामुळे असेल का?

नेरूळ_सेक्टर_अठरा

ताई, आपण शेजारीच निघालो. माझं मत ६५ला. पुढे वेग वाढवाल तेव्हा ६७ अंगाला जड वाटेल आणि पुन्हा खर्च होईल. अवघड स्कीवर शिकलेलं पक्कं बसतं. आणि करंज्यापर्यंत कशाला जाता? ऐरोलीची खाडी जवळ आहे, पाणीही शांत असतं.

फिन_आणि_दोरी

ऐरोलीचं आधी सांगतो, कारण ते महत्त्वाचं आहे. तिथे स्पीडबोटीमागे स्की करायचा विचारही नको. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाली. पक्षी ओहोटीच्या उघड्या चिखलावर चरतात. वेगात गेलेल्या बोटीने थवा उठला की त्यांची चरायची वेळ बुडते. ताईंनी निवडलेली जागा योग्य आहे.

आता आकार. उंचीचा संबंध जवळजवळ नाही. बर्फावरची स्की पूर्वी उंचीवर मापत, तीच समजूत इकडे आली असावी. पाण्यात स्कीला एकच काम असतं: तुमचं वजन त्या वेगाला पाण्याच्या वर धरून ठेवणं. म्हणून बघायचं वजन आणि बोटीचा वेग. कंपन्यांच्या तक्त्यांतही हेच दोन रकाने मुख्य असतात. पाच फूट तीन इंचांचा माणूस असो की सहा फुटांचा, दोघं ७२ किलोचे असतील आणि एकाच बोटीमागे असतील तर माप साधारण एकच निघेल.

यात वेग हा वजनापेक्षाही जास्त फसवतो. पाण्याचा आधार वेगाच्या वर्गाने बदलतो. स्पर्धेत स्त्रियांचा सर्वोच्च वेग ताशी ५५ किलोमीटर आणि पुरुषांचा ५८. स्पर्धेच्या धाटणीच्या स्की साधारण या टप्प्यांसाठी घडवलेल्या असतात. ५५ साठीची स्की ४६ ला चालवली, तर तितक्याच पृष्ठभागावर आणि तितक्याच कोनात मिळणारा आधार ३० टक्क्यांनी कमी होतो. ही तूट भरून काढायला स्की पाण्यात जास्त बुडते, नाक वर उचलते, शेपूट बसते. दोरीवरचा ताण वाढतो आणि हात भरून येतात. दुकानातली ६५ वाईट नसेल, पण ती तुमच्या वेगासाठी नाही.

बहुतेक तक्त्यांत १५० ते १८० पाउंडांच्या माणसाला ६६-६७ इंची स्की सांगतात, आणि वेग ३० मैलांच्या खाली असेल तर सीमारेषेवरच्या माणसाने वरचं माप घ्यावं असं म्हणतात. तुमचे १५९ पाउंड आणि २९ मैल धरले तर मी ६७ सांगेन. त्यातही ती रुंद अंगाची आहे, हे लांबीपेक्षा जास्त कामाचं. नुसत्या इंचांवर दोन स्की तोलता येत नाहीत. रुंद ६६ इंची स्की अरुंद ६८ पेक्षा जास्त आधार देऊ शकते. रुंद स्की लवकर पाण्यावर येते, म्हणजे उठताना हातांवरचा ताण कमी काळ राहतो. तुमची पहिली अडचण तिथेच बरीचशी सुटेल.

मोठ्या स्कीचा तोटाही सांगायला हवा. वेग वाढला की ती पाण्यावर तरंगल्यासारखी राहते, कडेवर घालायला, म्हणजे वळण्यासाठी एका बाजूला कलवायला, जोर लागतो, वळण उशिरा सुरू होतं. ८५-९० किलोच्या माणसाची ६९ इंची स्की तुम्हाला दिली तर तेच होईल. ४६ किलोमीटरला ६७ मध्ये मला ती भीती वाटत नाही.

दुसऱ्या अडचणीबद्दल एक विचारतो. त्या सकाळी ओहोटी होती का?

खाडीपलीकडे

दादा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हो, ओहोटीच होती. बोटवाले भरती टिपेला पोहोचून पाणी उतरू लागलं की निघतात. पण ओहोटीचा आणि स्कीचा काय संबंध?

फिन_आणि_दोरी

मग उत्तर सापडलं. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतं. स्कीला मात्र वेग कळतो तो पाण्याच्या हिशेबाने.

समजा ओहोटीचा ओढा २ नॉटचा आहे. आत जाताना तुम्ही प्रवाहाच्या विरुद्ध आहात. जीपीएसवर २५ दिसतंय तेव्हा पाण्यातून वेग २७ नॉट असतो. परत येताना प्रवाह तुमच्याच दिशेने वाहतो. तेच २५ दिसतंय, पण पाण्यातून वेग २३. वर्गाचा हिशेब करा: परतीच्या वेळी आधार सुमारे २७ टक्क्यांनी कमी. जी स्की आधीच तुमच्या वजनाला लहान पडतेय, ती २७ ला जेमतेम तग धरते आणि २३ ला बसते. तंत्र तुमचं तेच आहे, स्कीही तीच, पाणी तेवढं बदललं.

तक्ते बहुतेक तळ्यांवर स्की करणाऱ्यांच्या हिशेबाने केलेले असतात. तिथे हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे खाडीत तो रोज आहे, आणि उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून खाडीत स्की करणाऱ्याने तक्त्यातला वेगाचा रकाना पाण्यातला सर्वांत कमी वेग धरून वाचावा, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या बाबतीत तो २३ नॉट, म्हणजे जेमतेम २६ मैल. ६७ बद्दल जी काही शंका होती तीही यात जाते.

ओढा मोजायचा असेल तर इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) एकच ठेवून एकदा आत आणि एकदा बाहेर जा, जीपीएसचे दोन्ही आकडे लिहा. सरासरी हा पाण्यातला वेग, आणि दोन आकड्यांतल्या फरकाचं निम्मं हा ओढा. मग बोटवाल्यांना सांगा, खाडीत प्रवाहासोबत वेग जीपीएसवर धरू नका, आरपीएमवर धरा.

करंजा_बंदर

वरचं वाचून आनंद झाला. आमच्याकडे होड्या चालवणारे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात, स्कीला लावून कधी पाहिलं नव्हतं.

मी आउटबोर्डची कामं करतो. उठायला वेळ लागण्यात बोटीचाही हात असणार. ११५ हॉर्सपॉवर कमी नाही, पण पंखा लांब पल्ल्याच्या वेगासाठी बसवलेला असेल तर बोट सुरुवातीला जोर धरत नाही. पंख्यावर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल त्याचा, आकडा कोरलेला असतो, इंचांत. दोन इंच कमी पिचचा पंखा लावला तर बोट झटक्यात पाण्यावर येईल. वरचा वेग थोडा जाईल, पण तुम्हाला २५ नॉटच हवेत, तेव्हा बिघडत नाही. फक्त पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वर जात नाहीत ना, हे मेकॅनिककडून बघून घ्या.

आणि भांगाच्या दिवशी, पाणी थांबलेलं असताना या. ओढा कमी असतो.

नेरूळ_सेक्टर_अठरा

फिन_आणि_दोरी यांचं पटलं. प्रवाहाचं गणित माझ्या डोक्यात नव्हतं, ६५ चा आग्रह सोडतो. तरी एक शंका राहते: वर्षभरात ताईंचा वेग वाढला तर?

फिन_आणि_दोरी

तर विकता येते. ज्या वेगाला आज चालवताय त्याची स्की घ्यावी. लहान स्कीवर सगळी ताकद उभं राहण्यात जाते आणि वळणं शिकायची राहतात. शिवाय ७२ किलोला रुंद ६७ ताशी ५० किलोमीटरपर्यंत निभावून नेते, लगेच बदलायची गरज पडत नाही.

खाडीपलीकडे

६७ चं नक्की करते. रविवारी पवईला बघायला जाणार आहे. वापरलेल्या स्कीत काय तपासायचं? तिला पुढे पूर्ण बूट आहे आणि मागे फक्त पंजा सरकवायचा पट्टा. मस्कतला दोन्ही बूट होते. आणि फिनवर, म्हणजे शेपटीखालच्या उभ्या पात्यावर, एक छोटा आडवा पंख आहे, तो ठेवायचा का?

फिन_आणि_दोरी

मागचा पट्टा तुमच्यासाठी चांगला. उठताना मागचा पाय बाहेर ठेवून पाण्यात ओढत नेता येतो, तोल सांभाळला जातो, आणि स्की स्थिर झाली की पाय आत सरकवायचा. पुढचा बूट मात्र घालून बघाच. टाच उचलून पाहा, ती सुटली तर बूट मोठा आहे. ७२ किलोला स्की बरोबर असली तरी बूट पुरुषी मापाचा असेल तर कडेवर जाताना पाय आत फिरतो. तसं असेल तर बुटाचे पैसे वेगळे धरून भाव करा.

स्की उन्हात नेऊन बघा. वरचा थर कुठे फुगलाय का, अंगठ्याने दाबून कुठे मऊ लागतं का, विशेषतः पायांखाली. कडा पूर्ण लांबीवर बोट फिरवून तपासा. बुटाचे स्क्रू सगळे काढून पुन्हा लावायला सांगा. एखादा नुसताच फिरत असेल तर आतला नट सुटलेला आहे, आणि ती दुरुस्ती सोपी नसते. फिनच्या ठोकळ्याचे स्क्रू गंजलेले असतील तर स्की खाऱ्या पाण्यात वापरून धुतलेली नाही. तुम्हीही दर वेळी गोड्या पाण्याने धुवा आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने थर सुटतात.

खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, म्हणून कोणी लहान स्की चालेल असं म्हटलं तर ऐकू नका. प्रवाहाच्या फरकापुढे ते काहीच नाही.

फिन कंपनीच्या मापावर आहे का ते विचारा. त्या मॉडेलची लांबी, खोली आणि शेपटीपासूनचं अंतर कंपनी देते, कॅलिपरने मोजता येतं. माप हललं असेल तर आधी तिथेच आणा आणि मग हात लावू नका. आडवा पंख वळणाआधी वेग मारण्यासाठी असतो. ४६ ला तुम्हाला वेग मारायचा नाही, टिकवायचा आहे, तेव्हा तो काढून ठेवलात तरी चालेल. स्क्रू मात्र डबीत जपून ठेवा.

पहिल्या दिवशी बूट मधल्या भोकांवर बसवा. शेपूट तरीही बसत असेल तर एक भोक पुढे घ्या, नाक पाण्यात घुसत असेल तर एक मागे. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर आत आणि बाहेर दोन्ही दिशांना जाऊन बघा.