प्रतिसाद: नुसती स्केचेस पुरणार नाहीत

भाची खारघरच्या निफ्ट या फॅशन संस्थेतून शिकून बाहेर पडली, स्केचेस सुरेख आहेत, तरुण फॅशन उद्योजकांच्या पुरस्काराला तेवढी पुरतील का, असं विचारलंत. नाही पुरणार. नावातच 'उद्योजक' आहे ना! कापड कितीचं, शिलाई किती, पीसमागे उरतं काय, हे तिला तोंडपाठ हवं.

२०१४ मध्ये फॅशन डिझायनर राहुल मिश्रांना लोकरीच्या कपड्यांच्या डिझाइनसाठीचं आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळालं. रक्कम होतीच, पण कपडे परदेशातल्या मोठ्या दुकानांत लागले, ते जास्त मोलाचं. आणि जास्त जोखमीचंही, कारण मोठी ऑर्डर पुरी करून द्यावी लागते. माझं ठाण्यात वागळे इस्टेटला छोटं शिलाई युनिट आहे. बक्षीस मिळवलेली एक मुलगी २०० कुर्त्यांची ऑर्डर घेऊन आली, हातात सॅम्पल एकच, तेही मीडियम मापाचं, बाकीच्या मापांचा पत्ता नाही! आमचे मास्टर कपाळाला हात लावून बसले.

आधी १० पीस विकू दे तिला. रोखीने, मैत्रिणींना उधार नको.