'मार थोमा'मधील 'मार'विषयी थोडी भर

केरळमधील ख्रिस्ती लोकांच्या 'मार थोमा' (संत थॉमस) या नावातील 'मार' म्हणजे 'संत' असे म्हटले जाते. व्यवहारात ते चालून जाते, पण या अरामी (पश्चिम आशियातील एक प्राचीन भाषा) शब्दाचा मूळ अर्थ 'धनी', 'स्वामी' असा आहे. बायबलमधील दानिएलच्या पुस्तकातील अरामी भागात देवाला 'राजांचा स्वामी' (२:४७) आणि 'स्वर्गाचा स्वामी' (५:२३) म्हटले आहे, तिथे हाच शब्द येतो. सिरियाक या अरामीच्या बोलीच्या लिपीत 'मार' लिहिताना शेवटी 'योद' हे अक्षर असते, परंतु ते उच्चारले जात नाही. हे मुके अक्षर म्हणजे 'माझा' या अर्थाचा प्रत्यय, त्यामुळे 'मार' म्हणजे खरे तर 'माझे स्वामी', आणि संत व बिशप यांच्या नावाआधी तो आदरार्थी लागतो. सिरियाकमध्ये 'मारा' कोणत्याही धन्याला म्हणता येते, 'मार्या' मात्र परमेश्वरासाठी राखून ठेवलेले रूप आहे. मार्था या नावाचा अर्थही 'मालकीण'. ते याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप.

खरी गंमत आहे ती बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रात (१६:२२) आलेल्या 'मारानाथा' या अरामी शब्दाची; हे पत्र ग्रीकमध्ये आहे. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसल्याने 'मारान अथा' असे तोडले तर 'आमचा प्रभू आला आहे' आणि 'माराना था' असे तोडले तर 'आमच्या प्रभू, ये' असा अर्थ निघतो. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण बायबलच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या शेवटी (२२:२०) हीच विनवणी ग्रीकमध्ये आढळते.