उत्तर: आधी व्याकरण की आधी भाषा?

असं म्हटलं जातं की व्याकरणाचा पाया पक्का झाल्याशिवाय इंग्रजी येत नाही. मला हे पटत नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात एका प्रकल्पात बंगळूर, मद्रास भागातल्या साध्या शाळांमध्ये व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोधा, नकाशावरून रस्ता सांगा. बेरेटा आणि डेव्हिस या संशोधकांनी १९८५ मध्ये या प्रकल्पाचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. व्याकरणातल्या वाक्यरचनांवर आधारित चाचणीत नेहमीच्या पद्धतीची मुलं सरस ठरली, पण श्रुतलेखन, आकलन यांत प्रकल्पातली मुलं पुढे होती. मुलांचे गट यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) निवडलेले नव्हते, प्रकल्पातले शिक्षकही जास्त उत्साही असणार, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तिथे निदान आठवड्यातले दोन तास तरी अशा कामांना द्यायलाच हवेत.