अंबाडीची शीट पावसानं फुगून राहिली, नॅनो क्ले टाकली तरी! मदत हवी, अर्जंट

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. संडास-बाथरूमचे दरवाजे बनवून राहिलो, अंबाडीचा धागा अन् रेझिन वापरून. काचेचं फायबर नको होतं, त्यानं आंगाले खाज सुटते, अन् गावातल्या बाया अंबाडी सोलतात त्याईले काम भेटावं हा बी उद्देश. वरून नॅनो क्ले, म्हणजे लई बारीक पापुद्र्याची माती टाकली कारण व्हिडिओत सांगतात का त्यानं पाणी आत शिरत नाही. उन्हाळ्यात शीट एकदम कडक निघाली. आता पाणी लागला तं कडा फुगल्या, मधात पांढरे डाग पडले, एका दरवाज्याचे थर तं नखानं सुटून राहिले. काय टाकू त्याच्यात? गिऱ्हाईक रोज फोन करते. लवकर सांगा.

वर्धा_केमिकल
भाऊ, रेझिन कोणतं? पॉलिस्टर, व्हिनिल एस्टर की इपॉक्सी? अंबाडी किती दिवस सडवली, धुतली का, वाळवली कशी? क्ले रेझिनच्या किती टक्के, मिसळली कशानं? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाजच.

दारव्हेकर
दरवाज्याले वापरतात तेच साधं रेझिन. अंबाडी वाळेलच होती. क्ले भरपूर टाकली, कमी नाही पडली. उपाय सांगा ना भाऊ.

मोल्डिंग_चंद्रपूर
रेझिनचा नादच सोडा. पीपीमध्ये, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये धागा टाका. पीपी १६५ अंशाच्या आसपास वितळतं, धागा २०० च्या पुढं करपायला लागतो, म्हणजे मधली जागा भरपूर आहे. सोबत मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी ३ टक्के टाका, धागा आणि प्लास्टिक एकमेकाला धरतात. आमच्या इथं प्लास्टिक वितळवून धागा मिसळतो तेव्हा हेच करतो. मुख्य म्हणजे खराब झालेला माल दळून परत वापरता येतो. पॉलिस्टर एकदा जमलं की फेकण्याशिवाय इलाज नाही.

वर्धा_केमिकल
अहो, त्यांच्याकडे साचा आणि ब्रश आहे, प्लास्टिक वितळवून मिसळायचं ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर मशीन नाही. गावात थ्री फेजची लाईन कधी येते कधी जाते, तिथं एक्स्ट्रूडर चालवायला सांगताय? शिवाय दरवाज्याची शीट प्रेसशिवाय कशी काढणार?

मोल्डिंग_चंद्रपूर
चंद्रपूरच्या सिपेटमध्ये, म्हणजे सरकारी प्लास्टिक संस्थेत जाऊन विचारायला काय हरकत आहे? नमुना करून बघता येतो का ते तरी कळेल. हातानं लेप मारून कोणाचा धंदा टिकला?

वर्धा_केमिकल
विचारावं जरूर. पण आज गिऱ्हाईक फोन करतंय ते आजच्या दरवाज्यासाठी.

कास्तकार_राळेगाव
अंबाडी कायले पाह्यजे, कापसाची वाळेल पऱ्हाटी घ्या ना राजेहो! आमच्याकडं वावरा-वावरात पेटवून देतात. मुंबईच्या सिरकॉट या सरकारी कापूस संशोधन संस्थेनं पऱ्हाटीचा भुसा करून पार्टिकल बोर्ड कवाच बनवले हायेत. अन् पऱ्हाटी वावरातून गेली का गुलाबी बोंडअळीचं घर बी मोडते. २०१७ साली अळीनं आमचं काय झालं थे मी विसरत नाई. सुकलेल्या बोंडात अळी झोपून राह्यते अन् पुढच्या हंगामात निघते. एक काम, दोन फायदे.

दारव्हेकर
दादा, पऱ्हाटीले बारीक करायची मशीन नाही माझ्याजवळ. अंबाडीचा धागा लांब निघते, ताकद त्याच्यातच आहे. मले फुगण्याचं सांगा.

झाडीपट्टी
गोंदियाकडे या. धानाच्या तुसाची राख राइस मिलवाले फुकट देतात, तिच्यात ८५ टक्क्यांच्या वर सिलिका असते. हाच नॅनो सिलिका. क्ले विकत घ्यायची गरजच नाही.

वर्धा_केमिकल
मिलच्या भट्टीतली राख म्हणजे नॅनो सिलिका नव्हे. तिच्यात काळा कोळसा राहतो, आणि जास्त तापली तर सिलिका स्फटिक होते, ती फुफ्फुसात गेली तर फार वाईट. नॅनो करायचं तर राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवून, आम्ल टाकून सिलिका खाली बसवावी लागते. घरी करायचं काम नाही हे.
दारव्हेकर भाऊ, क्लेच्या गोणीचा फोटो टाका.

दारव्हेकर
फोटो चढत नाही, नेट स्लो आहे. गोणीवर 'बेंटोनाइट' लिहेल आहे. दुकानदार म्हणे हीच नॅनो क्ले. अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात तेच म्हणे. रेझिनच्या १५ टक्के टाकली, काडीनं घोटली. रेझिन पॉलिस्टरच, डब्यावर दिसलं. अंबाडी नाल्यात सडवली, घरी आणून दोरीवर वाळवली, मंग कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून काढली कारण एका व्हिडिओत तसं होतं.

वर्धा_केमिकल
हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर एवढी चर्चा लागली नसती!

बेंटोनाइटमध्ये मुख्यतः माँटमोरिलोनाइट असतं, नॅनो क्ले ज्यापासून करतात तेच मातीचं खनिज, म्हणून दुकानदार सरसकट खोटं बोलला नाही. पण अर्थिंगच्या खड्ड्यात ते टाकतात कशासाठी? पाणी धरून ठेवावं म्हणून. पाणी लागलं की ते फुगतं. तुम्ही दरवाज्याच्या पोटात पाणी पिणारी मातीच भरली. रेझिनमध्ये चालते ती ऑर्गॅनोक्ले, तिच्या थरांवर अमोनियमचे क्षार बसवून तिला पाण्यापासून तोडलेलं असतं. तिचे सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटे होऊन रेझिनभर पसरले तर पाण्याला वळसे घेत जावं लागतं, म्हणून ते उशिरा आत शिरतं. उशिरा म्हणतोय, शिरतच नाही असं नाही. आणि ती १ ते ३ टक्केच टाकतात. १५ टक्क्यांनी रेझिन घट्ट होतं, धाग्यात मुरत नाही, आणि काडीनं घोटलं तर कढीत बेसनाच्या गाठी राहतात तशा गाठी राहतात. तुमचे पांढरे डाग बहुतेक त्याचेच, किंवा कोरड्या राहिलेल्या धाग्याचे.

दुसरं, कॉस्टिकनंतर धागा किती पाण्यांनी धुतला?

दारव्हेकर
एका पाण्यानं. पाण्याची टंचाई होती तेव्हा.

वर्धा_केमिकल
मग थर सुटायचं कारण तिथंही आहे. कॉस्टिक धाग्यात राहिलं की ते पॉलिस्टरला आतून तोडतं. ओला धागा असेल तर रेझिन नीट जमतही नाही. अंबाडी हाताला कोरडी लागली तरी हवेतलं ८ ते १० टक्के पाणी तिच्यात असतं, पावसाळ्यात त्याहून जास्त.

अचलपूरची_ताई
आमच्या गटात केळीच्या धाग्याचं काम चालते, म्हणून सांगते. कॉस्टिक ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात अजिबात नको, भांडं खाऊन टाकते. प्लास्टिकची बादली घ्या, हातमोजे घाला, आणि कॉस्टिक पाण्यात टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका. नंतर साध्या पाण्यानं धुवत राहा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. लिटमसच्या पट्टीनं बघा, धुतलेलं पाणी लाल पट्टीला निळं करत असेल तर अजून धुवायचं आहे. आणि बायांना धुवायला लावाल तर मोजे त्यांनाही द्या, भाऊ. कॉस्टिकनं बोटांची कातडी जाते, मी पाहिली आहे.

वावरवाला_मोर्शी
अंबाडीची भाजी कोणी सांगून राहिलं का? तुरीच्या डायीसंग, वरून लसणाची फोडणी. बियाणं पाह्यजे असंल तं सांगजा, माझ्याजवळ घरचं आहे.

उद्योगमित्र_अमरावती
तुम्ही पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेखाली कर्ज घ्या, ग्रामीण भागात अनुदान जास्त असते. प्रोजेक्ट रिपोर्ट मी बनवून देतो.

दारव्हेकर
कर्जाचं कोणी विचारलं नाही भाऊ. ताई, धन्यवाद, मोजे आणतो आजच. केमिकल भाऊ, बनेल दरवाजे वाचतीन का? कडेले रेझिनचा हात मारू का?

वर्धा_केमिकल
थर सुटलेले वाचत नाहीत. ते गिऱ्हाईकाला देऊ नका, बाथरूममध्ये दरवाजा बायका-लेकरांच्या अंगावर पडला तर? ज्यांच्या फक्त कडा फुगल्या ते वाळवून, कड घासून, रेझिननं बंद करा आणि कोरड्या खोलीला लावा. कापलेली कड हेच पाण्याचं दार असतं, नवीन मालाची प्रत्येक कड आणि बिजागरीचं प्रत्येक भोक बंद करायचं.

नवीन करताना आधी क्लेशिवाय एक तुकडा करा. धुतलेला धागा पत्र्याच्या पेटीत ७०-८० अंशाला वाळवा आणि गरम असतानाच रेझिन लावायच्या जागी आणा. तुकडा किराणा काट्यावर मोजा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून परत मोजा. जुन्या शीटचाही तुकडा सोबत ठेवा. फरक डोळ्यांनी दिसेल. धागा नीट झाला की मग ऑर्गॅनोक्लेचा विचार, आधी नाही.

आणि रेझिन जमवायला टाकतात ते कोबाल्ट आणि हार्डनर कधी एकत्र ओतू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मग हार्डनर. थेट एकमेकात पडले तर भडका होतो.

मोल्डिंग_चंद्रपूर
हे शेवटचं बरोबर बोललात. बाकी पीपीचं मत माझं कायम आहे.

दारव्हेकर
गिऱ्हाईकाले फोन केला, म्हटलं दरवाजे दिवाळीनंतर भेटतीन. चिडला, पण ऐकलं. उद्या तुकडे पाण्यात टाकतो. वजन ग्रॅममधी सांगू का टक्क्यात?

वर्धा_केमिकल
दोन्ही. आणि तुकड्याची जाडी पण लिहा, नाहीतर मी परत विचारीन.