एम-पाय लपवणे हा सोवळेपणा नव्हे

प्रमाणवादी : एम-पाय हा पायचा आकडा देणारा मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी ठरलेला मजकूर बसतो असे नाव; ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायच्या फाइलीत, तो मिळतो. ‘सी ११ चा (सी भाषेच्या २०११ च्या मानकाचा) काटेकोर फ्लॅग कंपाइलरला लावताच ग्लिबसीच्या मॅथ हेडरमधून एम-पाय नाहीसा होतो, हा निव्वळ सोवळेपणा आहे,’ हे विधान काल येथे वाचले आणि त्याला मिळालेली दादही पाहिली. मानकाने दोन अंडरस्कोरने, किंवा अंडरस्कोर व त्यापुढे कॅपिटल अक्षराने, सुरू होणारी नावे कंपाइलर-लायब्ररीसाठी राखून ठेवली आहेत; एम-पाय त्यांत बसत नाही. त्यामुळे कोणी आपल्या व्हेरिएबलला तेच नाव दिले आणि हेडरने तेथे परस्पर आकडा बसवला, तर नियम हेडरने मोडलेला असतो. भर घालण्यास मनाई नाही. ‘डिफॉल्ट सोर्स’ किंवा ‘एक्स-ओपन सोर्स’चा मॅक्रो आधी लिहून ती मागून घ्यावी, एवढेच.

प्रयोगशाळा : असे व्हेरिएबल करणारा मला आजवर भेटलेला नाही, या फ्लॅगपायी अडलेले विद्यार्थी मात्र दर सत्रात भेटतात आणि शेवटी ३.१४ लिहून मोकळे होतात. शिवाय लिनक्सवर जी++ हा सी++ चा कंपाइलर ‘जीएनयू सोर्स’ हा असाच भर मागणारा मॅक्रो स्वतःच लावून घेतो, कारण त्याच्या लायब्ररीचे त्याशिवाय चालत नाही. तेथे कितीही काटेकोर फ्लॅग लावा, एम-पाय हजरच! मग तुमचे मानक कोठे गेले?

विंडोजग्रस्त : एम-पायवर कसले भांडता? विंडोज हेडर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ यांचे मॅक्रो करून ठेवतो आणि सी++ च्या प्रमाण लायब्ररीतले, ‘एसटीडी’मधले, मिन कंपाइल होत नाही. ते मॅक्रो नकोत असे सांगणारे ‘नो-मिन-मॅक्स’ आधी लिहावे, तर आमच्या जुन्या प्रकल्पात एका विकतच्या लायब्ररीचा हेडर विंडोज हेडरला त्याआधीच ओढून आणत असे. अखेर मॅक्रो लागू होऊ नये म्हणून प्रत्येक मिनभोवती कंस घातले.

प्रमाणवादी : विंडोज हेडर सीच्या मानकातला नाहीच, तेव्हा हे रडगाणे येथे अप्रस्तुत आहे.

विंडोजग्रस्त : कंस तुम्ही घातले नाहीत, म्हणून अप्रस्तुत. ग्लिबसी तरी कोठे धुतल्या तांदळासारखी आहे? सिस्टिम टाइप्सच्या हेडरमधून ‘मेजर’ व ‘मायनर’ हे मॅक्रो येत आणि सी++ मधल्या त्याच नावाच्या फंक्शनचे नाव गुपचूप बदलून टाकत. २०१८ च्या २.२८ आवृत्तीत ते तेथून काढले, तेव्हा ते तेथूनच घेणारा आमचा वर्षानुवर्षे चाललेला कोड कंपाइल होईना.

प्रमाणवादी : म्हणजे नको तेथे घातलेला मॅक्रो काढतानाही त्रासच देतो, माझी बाजू मांडल्याबद्दल आभारी आहे. जी++ बद्दलचा आक्षेप मात्र मान्य, कारण नाकारण्याची सोय नाही. सी++ २० ने पाय वेगळ्या हेडरमध्ये, स्वतःच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात, दिला. सीमध्ये नेमस्पेस नाही, म्हणून हा सारा खटाटोप.

प्रयोगशाळा : उत्तम. तोवर मी विद्यार्थ्यांना उणे एकचा आर्क-कोसाइन घ्यायला सांगतो, तो पायच येतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.